मधुमेहामुळे होणारी पायांची आग अ‍ॅक्युपंक्चरने थांबते का?

तुम्ही लिहिलं आहे की बाबांचं वय ६४ आहे आणि मधुमेह १४ वर्षांचा. गेली दोन वर्षं रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पायावर चादर टेकली तरी सहन होत नाही. प्रीगॅबालिन ही नसेच्या वेदनेवरची गोळी सुरू केल्यावर आग थोडी कमी झाली, पण दिवसभर गुंगी असते आणि चालताना तोल जातो. कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं. त्याने नस बरी होते का, मधुमेह्याच्या पायात सुया टोचणं धोक्याचं नाही ना, आणि मग गोळ्या बंद करता येतील का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

वेदनेवरच्या उपचारांचं काम मी २२ वर्षं करते आहे. औषधं लिहून देते, इंजेक्शनं देते आणि सुयाही टोचते, त्यामुळे यातल्या एकाच गोष्टीची बाजू घेण्याचं मला कारण नाही. आधी सरळ उत्तरं देते. आग कमी होण्याची शक्यता आहे, खात्री नाही. मधुमेहाने खराब झालेली नस सुयांनी पूर्ववत होते असं मी कुणालाही सांगत नाही, कारण तसा भरवशाचा पुरावा नाही. पायाला धोका आहे, पण काळजी घेतली तर तो टाळता येतो. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायच्या नाहीत.

आता थोडं मुळापासून. आपण बोलताना 'नस' हा शब्द फार सैल वापरतो. नस कापली म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते, नस दबली म्हणतो तेव्हा मज्जातंतू असतो आणि नस चढली म्हणतो तेव्हा खरं तर स्नायूत गोळा आलेला असतो. या गोंधळामुळे माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना वाटतं की पायात रक्त अडलं आहे, ते खेळतं झालं की आग थांबेल. मग ते पाय जोरजोरात चोळतात, गरम पाण्यात बुडवून बसतात. बाबांच्या पायात बिघडली आहेत ती मज्जातंतूंची टोकं. कमरेच्या मणक्याशेजारी असलेल्या पेशीतून निघालेला एक धागा पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो, म्हणजे जवळपास एक मीटर. इतक्या लांबपर्यंत पोषण पोचवणं त्या पेशीला रक्तातल्या वाढलेल्या साखरेपुढे जमेनासं होतं, आणि सगळ्यात लांबचं टोक आधी सुकतं. म्हणून हा त्रास बोटांपासून सुरू होतो, दोन्ही पायांत सारखा असतो आणि मोजा वर ओढावा तसा हळूहळू वर सरकतो.

"पाय सुन्न आहेत म्हणतात आणि आगही होते म्हणतात, दोन्ही एकदम कसं?" हा प्रश्न घरचे लोक नेहमी विचारतात, आणि कधीकधी त्यांच्या मनात शंका असते की म्हातारा माणूस उगाच सांगतोय. उगाच सांगत नसतो. जे धागे मेले ते निरोप देत नाहीत, म्हणून पाय सुन्न. जे अर्धमेले आहेत ते कारण नसताना निरोप पाठवत राहतात, म्हणून आग. दारावर कुणी नसताना घंटा वाजत राहावी तसं. असे खोटे निरोप महिनोन्महिने येत राहिले की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा कान तिखट होतो आणि मग चादरीचा साधा स्पर्शसुद्धा तिथे वेदना म्हणून वाचला जातो.

म्हणजे बाबांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत: नसेचं खराब होणं आणि वेदनेचं मोठं होणं. वेदना कमी झाली म्हणजे नस सुधारली असं नाही. उलटंही घडतं. धागे पूर्ण मेले की आग आपोआप थांबते, आणि लोक आनंदाने सांगतात की बरं झालं, तेव्हा पाय सगळ्यात जास्त धोक्यात आलेला असतो. हा फरक लक्षात ठेवलात तर माझ्या पुढच्या सगळ्या सांगण्याचा अर्थ लागेल.

सुई काम करते ती मुख्यतः दुसऱ्या गोष्टीवर, वेदनेवर. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. भरीव, साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, आणि योग्य खोलीवर पोचली की जड वाटतं, रग लागते. चिनी परंपरेत या जाणिवेला 'दची' म्हणतात आणि ती आली तरच सुई लागू पडली असं मानतात. स्नायूंतल्या खोलवरच्या मज्जातंतूंना ढोसल्यावर अशीच रग लागते, त्यामुळे जुन्या वैद्यांचं हे निरीक्षण मला अचूक वाटतं.

आत काय होतं, याचा माग विज्ञानाने तुकड्यातुकड्यांनी लावला आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक दार असतं, आणि स्पर्श-दाबाचे दुसरे निरोप आले की ते अर्धवट मिटतं. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो, ते याचसाठी. पुढे १९७० च्या दशकात शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतं हे कळलं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दाताच्या वेदनेवर सुयांचा परिणाम मोजला आणि मग अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं, तर सुयांचा परिणामही उतरला. बीजिंगच्या हान जिशंग यांनी दाखवलं की सुयांना जोडलेल्या विद्युतप्रवाहाची गती बदलली की वेगळी द्रव्यं सुटतात, सेकंदाला २ ठोक्यांना एक आणि १०० ठोक्यांना दुसरं. २०१० साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की सुई फिरवली त्या जागी अ‍ॅडिनोसिन नावाचं वेदनाशामक द्रव्य कितीतरी पटींनी वाढतं, आणि ज्या उंदरांत ते ओळखणारी रचनाच नव्हती त्यांना सुयांनी आराम पडला नाही.

यातलं प्रत्येक स्पष्टीकरण वेदना कमी होण्याचं आहे. नस पुन्हा वाढण्याचं नाही. ऊर्जेच्या वाहिन्यांची जी जुनी मांडणी आहे, तिचा नकाशा मी बिंदू शोधायला वापरते, पण वाहिनीतला अडथळा दूर केला अशी भाषा रुग्णाशी बोलत नाही. नकाशा उपयोगी पडतो तो अनेक बिंदूंच्या खाली खरोखरच मोठ्या नसा आहेत म्हणून. आतल्या घोट्याच्या चार बोटं वर असलेला 'सानयिनच्याव' घ्या. त्याच्या शेजारून टिबियल नस जाते, आणि त्याच भागात बारीक सुई घालून सौम्य विद्युतप्रवाह देण्याची पद्धत वारंवार घाईची लघवी लागणाऱ्यांसाठी यूरॉलॉजीतले डॉक्टरही वापरतात. तिथे कुणी त्याला अ‍ॅक्युपंक्चर म्हणत नाही, इतकंच.

नस स्वतः सुधारल्याची एक आशादायक खूण आहे ती मनगटात दबणाऱ्या नसेबाबत, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोममध्ये. २०१७ साली सुमारे ८० रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या आणि खोट्या, म्हणजे नुसता टोचल्याचा भास देणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या सुयांनी त्रास कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलं, पण मनगटातून निरोप जाण्याचा वेग सुधारला तो फक्त खऱ्या सुयांच्या गटांत. मेंदूत बोटांच्या जागा धूसर झालेल्या असतात, त्याही पुन्हा थोड्या स्पष्ट झाल्या. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. पण तो दबलेल्या नसेचा आहे, साखरेने सुकलेल्या नसेचा नाही, आणि एकाचं फळ दुसऱ्याच्या नावावर खपवणं बरोबर नाही.

मग नसेच्या वेदनेवर एकूण पुरावा काय सांगतो? २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेवरच्या ६ चाचण्या निकषांत बसल्या, मिळून ४६२ रुग्ण. निष्कर्ष असा की उपयोग होतो असंही म्हणता येत नाही आणि होत नाही असंही म्हणता येत नाही, इतका पुरावा तोकडा आहे. १९९८ साली एचआयव्हीमुळे झालेल्या न्यूरोपथीवर, म्हणजे नसांच्या बिघाडावर, २५० रुग्णांची अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात ठरावीक बिंदूंवरच्या सुया खोट्या उपचारापेक्षा सरस ठरल्या नाहीत. पण त्याच चाचणीत अ‍ॅमिट्रिप्टिलीनही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं, आणि ते औषध तर नसेच्या वेदनेवर आम्ही आजही पहिल्या फळीत वापरतो. एका चाचणीवरून एखाद्या उपचाराला डोक्यावर घेणं किंवा फेकून देणं, दोन्ही घाईचं ठरतं ते असं.

सायटिकाचं, म्हणजे कमरेतली नस दबून पायात उतरणाऱ्या कळेचं, चित्र अलीकडे बदललं आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिकासाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं होतं. २०२४ साली चीनमधली एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली. मणक्यातली चकती सरकून झालेल्या जुनाट सायटिकाचे २१६ रुग्ण, ४ आठवड्यांत १० सत्रं. १०० मिलिमीटरच्या मोजपट्टीवर पायाची वेदना खऱ्या सुयांच्या गटात सुमारे ३१ ने उतरली, खोट्या सुयांच्या गटात सुमारे १५ ने, आणि हा फरक वर्षभर टिकला. सायटिकाचा रुग्ण आला तर आज मी दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त विश्वासाने सुया सुचवते.

या आकड्यांतली खोट्या सुयांची १५ ची घटही नीट बघा. खोटी सुई म्हणजे बोथट टोकाची, त्वचेला टेकून मागे दांड्यात सरकणारी, किंवा चुकीच्या जागी वरवर टोचलेली. ती अगदी निष्क्रिय नसते, त्वचेला स्पर्श होतोच. शिवाय अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी लक्ष देऊन विचारणं, आता बरं वाटेल ही आशा, या सगळ्याचा वेदनेवर परिणाम होतो. जर्मनीत कंबरदुखीवर ११६२ रुग्णांची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, खोट्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने २७.४ टक्के लोकांना फरक पडला. काही सहकारी यावरून म्हणतात की हा सगळा मनाचा खेळ आहे. मी म्हणते की बिंदू अगदी मिलिमीटरने नेमका लागतो या दाव्याला धक्का बसला आहे खरा, पण रुग्णाला मिळालेला आराम खोटा नाही. मात्र या मुद्द्यावर मी रुग्णाला अंधारात ठेवत नाही. पहिल्याच भेटीत हे आकडे सांगते.

आणि औषधांची बाजूही सांगायला हवी. नसेच्या वेदनेवरच्या औषधांचा २०१५ साली मोठा आढावा निघाला. त्यानुसार प्रीगॅबालिन साधारण आठ जणांना दिलं तर त्यातल्या एकाला, खोट्या गोळीने मिळाला असता त्यापलीकडचा, वेदना निम्म्याने कमी होण्याइतका आराम मिळतो. ड्युलॉक्सेटिनच्या गटातल्या औषधांसाठी तो आकडा सहाच्या आसपास आहे. म्हणजे या दुखण्यावर रामबाण कुणाकडेच नाही. सगळे जण थोडंथोडं मिळवून रात्रीची झोप परत आणायचा प्रयत्न करत आहोत.

सुया सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या, आणि इथे मी हट्टी आहे. मधुमेह आहे म्हणजे पायाची आग मधुमेहाचीच, असं गृहीत धरू नका. मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी अनेक वर्षं घेतल्याने शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं आणि बी-१२ च्या कमतरतेने हुबेहूब हाच त्रास होतो. ते भरून काढता येतं. वेळेवर भरलं नाही तर काही नुकसान कायमचं राहतं. थायरॉइड, मूत्रपिंड, दारू, आधी घेतलेली कर्करोगाची औषधं, हेही बघावं लागतं. आग सुरू होण्याआधीच्या काही महिन्यांत बाबांची साखर फार झपाट्याने उतरवली होती का, तेही आठवा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीएवनसी तीन महिन्यांतच २ पेक्षा जास्त अंकांनी खाली आला तर त्यानेच तीव्र आग सुरू होऊ शकते. साखर आटोक्यात आणायची, पण पायरीपायरीने.

प्रीगॅबालिनच्या गुंगीबद्दल तुम्ही लिहिलं आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. १४ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असू शकतं, मग नेहमीचा डोसही जास्त होतो आणि माणूस पेंगत राहतो. क्रिएटिनिनची तपासणी अलीकडे झाली नसेल तर करून घ्या आणि डोस कमी करता येईल का, मुख्य डोस रात्रीकडे सरकवता येईल का, ड्युलॉक्सेटिन चालेल का, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. सुन्न पाय, गुंगी आणि तोल जाणं हे तिन्ही एकत्र आलं की रात्री उठताना माणूस पडतो. या वयात खुब्याचं हाड मोडणं पायाच्या आगीपेक्षा कितीतरी महागात पडतं. हे औषध एकदम तोडलं तर झोप उडते, घाम येतो, मळमळतं, आणि वेदना उसळून येते. कमी करायचं ते आठवड्याआठवड्याने. माझ्या अनुभवात सुयांचा खरा उपयोग अनेकदा इथेच दिसतो. आग पूर्ण जात नाही, पण गोळी अर्ध्यावर आणता येते आणि माणूस दिवसा जागा राहतो. कितीतरी घरांसाठी तेवढंही खूप असतं.

काही लक्षणं असतील तर अ‍ॅक्युपंक्चरचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाऊल उचलेनासं होणं, दिवसागणिक अशक्तपणा वर चढत जाणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येऊन लघवी अडणं किंवा नकळत होणं, एकाच बाजूचा हात-पाय-चेहरा अचानक सुन्न होणं. सायटिका समजून सुया घेत बसलेला आणि लघवी अडल्यावर चौथ्या दिवशी आलेला एक तरुण मी पाहिला आहे. मणक्याखालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला होता. शस्त्रक्रिया झाली, पण लघवीवरचा ताबा पूर्ण परत आला नाही. तो माझ्याकडे पहिल्या दिवशी आला असता तर, हा विचार आजही छळतो.

आता पायाच्या धोक्याबद्दल. सुयांच्या सुरक्षिततेवर जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची पाहणी झाली होती, २००९ साली प्रसिद्ध झालेली. ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांना थोडं रक्त येणं, काळंनिळं होणं, दुखणं एवढंच. दोघांना छातीत सुई खोल जाऊन फुप्फुसाभोवती हवा भरली. प्रशिक्षित हातात ही पद्धत सुरक्षित आहे, असंच मी म्हणेन. पण मधुमेही पाय हा सर्वसाधारण पाय नव्हे. त्वचेला भेग, फोड, सूज, लाली, बोटांमध्ये बुरशी असेल तर त्या पावलात सुई नको. पावलाची नाडी लागत नसेल, बोटं गार आणि निळसर असतील, तर आधी रक्तपुरवठ्याची तपासणी. पाय अगदीच सुन्न असेल तर मी बोटांमधले 'बाफंग' बिंदू सोडूनच देते आणि गुडघ्याखालचे, पिंढरीचे, हातांचे बिंदू घेते. वेदना उतरवण्याचं काम मज्जारज्जूत आणि मेंदूत होत असल्यामुळे सुई दुखऱ्या जागीच हवी असं नसतं.

सुईपेक्षा मला जास्त भीती वाटते ती उष्णतेची. अनेक ठिकाणी सुयांसोबत पायावर लाल दिव्याचा शेक देतात किंवा मोक्सा, म्हणजे वाळलेल्या वनस्पतीची धुमसणारी कांडी, त्वचेजवळ धरतात. सुन्न पायाला चटका कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका बाईंना मी असा तळपाय घेऊन आलेलं पाहिलं. एका उपचार केंद्रात दिव्याखाली त्या वीस मिनिटं शांत पडून राहिल्या होत्या, छान ऊब वाटत होती म्हणाल्या. तळव्यावर लिंबाएवढा फोड होता. जखम भरायला चार महिने लागले आणि एक बोट गेलं. म्हणून बाबांसाठी दिवा, मोक्सा, गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्यात पाय, यांतलं काहीही नको. समोरचा कितीही अनुभवी असला आणि "सगळ्यांना देतो" म्हणाला, तरी नको.

पेसमेकर असेल तर सुयांना विद्युतप्रवाह जोडायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुया घेता येतात, पण सांगितलं पाहिजे, म्हणजे खोल टोचणं टळतं आणि नंतर जागा दाबून धरली जाते. उपाशीपोटी जाऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन न खाता आडवं पडलं आणि साखर खाली गेली, तर ती सुयांची झोप आहे असं समजून वेळ दवडला जाऊ शकतो.

तुमच्या घरी नसला तरी नसेच्या दुखण्याचे बाकीचे प्रकारही थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांना एकच उत्तर नसतं. नागीण उठली असेल तर पहिलं काम विषाणूविरोधी गोळ्या, शक्यतो पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत. पुरळ डोळ्याजवळ असेल तर तातडीने डोळ्यांचे डॉक्टर. पुरळ ओली असताना त्यावर सुया नाहीत. पुरळ वाळल्यानंतर मागे राहणाऱ्या वेदनेला कण्याच्या बाजूने आणि डागाभोवती सुया देते, काहींना छान उपयोग होतो. चेहऱ्यावर विजेचा लोळ जावा तशी कळ, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, त्यात कार्बामॅझेपिन ही गोळी आणि एमआरआय आधी. सुयांच्या नादात त्या माणसाला जेवता-बोलता येत नाही अशा अवस्थेत ठेवणं क्रूरपणाचं आहे. केमोथेरपीनंतरच्या न्यूरोपथीत छोट्या अभ्यासांतून आशा दिसते, पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट किती आहेत हे कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुई लावू नये.

बाबांना न्यायचं ठरवलंत तर साधारण असं व्हायला हवं. पहिल्या भेटीत सुया टोचण्याआधी पायमोजे काढून दोन्ही पावलं, बोटांच्या मधल्या जागा, टाचा बघितल्या पाहिजेत. नायलॉनचा १० ग्रॅम दाबाचा धागा तळव्याला टेकवून कुठे कळतं, कुठे कळत नाही याची नोंद झाली पाहिजे. हे न करता कुणी थेट सुया काढल्या तर उठून या. सुया बंद पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर फोडलेल्या. बऱ्याच जणी-जणांप्रमाणे मी सुई बारीक नळीतून घालते, त्याने टोचण कमी जाणवते. ही नळी रूढ करण्याचं श्रेय १७ व्या शतकातल्या जपानी वैद्य सुगियामा वाइची यांना देतात, आणि ते अंध होते. बाबांना आडवं झोपवूनच सुया द्यायच्या, बसवून नाही, पहिल्या वेळी काहींना घेरी येते. आठ ते बारा सुया, पंचवीस-तीस मिनिटं, आणि काढताना मोजून काढायच्या. किती घातल्या तो आकडा तुम्हीही लक्षात ठेवा.

आठवड्यातून दोनदा, निदान एकदा. सहा सत्रं झाल्यावर थांबून हिशेब करा. त्यासाठी आत्तापासून, म्हणजे उपचार सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून, एक वही ठेवा. रोज रात्री झोपताना आग १० पैकी किती, रात्री किती वेळा जाग आली, दिवसा किती गुंगी. आठवण फसवी असते. चांगला गेलेला कालचा दिवस मागच्या महिन्यावर रंग चढवतो. सहा सत्रांनंतर सरासरी निदान २ अंकांनी उतरली असेल, किंवा अंक तोच राहून झोप सलग दोन तासांनी वाढली असेल, तर दहा-बारा सत्रांपर्यंत जा आणि मग अंतर वाढवत न्या. काहीच बदल नसेल तर बंद करा. "अजून दहा घ्या, आत काम चालू आहे" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ज्यांना लागू पडायचं त्यांना सहसा तोवर चाहूल लागलेली असते. पहिल्या एक-दोन सत्रांनंतर आग वाढल्यासारखी वाटली तर घाबरू नका, पुढच्या वेळी कमी सुया आणि कमी वेळ द्यायला सांगा. चौथ्या सत्रालाही तेच होत असेल तर हा उपचार त्यांच्यासाठी नाही.

आणि ज्या दिवशी बाबा म्हणतील की आग निम्म्यावर आली, त्या दिवसापासून त्यांच्या पायांकडे दुप्पट लक्ष द्या. माझ्या एका रुग्णाची आग सुयांनी खरंच उतरली होती. दोन वर्षांनी पहिल्यांदा शांत झोपतो म्हणाले, आणि मलाही फार बरं वाटलं. आग गेली म्हणून त्यांनी रोज पाय बघणं सोडलं. तीन आठवड्यांनी बुटात टाचणी घेऊन दिवसभर चालले. मोजा रक्ताने भिजलेला पत्नीला दिसला तेव्हा कळलं. त्यांची वेदना उतरली होती, बधिरपणा तिथेच होता, आणि हा फरक मी त्यांना पुरेसा ठसवून सांगितला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक सत्राच्या शेवटी मी रुग्णाच्या हातात लहान आरसा देते आणि त्याचे तळवे त्यालाच बघायला लावते.

तुम्ही जाताना सगळ्या गोळ्यांची यादी, शेवटचा एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि बी-१२ चे रिपोर्ट सोबत ठेवा. बाबांना गुडघ्यापर्यंत सहज वर सरकवता येईल असा सैल पायजमा घालायला सांगा. घरी आल्यावर रात्री चांगल्या उजेडात दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या स्वतः बघा. सुई टोचलेल्या जागी लाली, ऊब किंवा ओल दिसली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.